भुयारातलं मीटर अचानक ‘गुणाचं’ झालं तर

गेल्या वर्षी एका गढीखालच्या भुयारात बसवलेल्या हवेच्या मीटरने मला पाच महिन्यांत सहा चकरा मारायला लावल्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कमिटीची माणसं भली आहेत, आणि निम्मी चूक माझीच होती. पण तोच बिघाड नंतर आणखी दोन जागी भेटला, एकदा बारवेला लागून असलेल्या खोलीत आणि एकदा देवळाच्या तळघरात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. तुमच्याकडे भुयार, तळघर किंवा आंधळी खोली लोकांना दाखवायला उघडी असेल आणि तिथे कार्बन डायऑक्साइडचं मीटर टांगलं असेल, तर निदान ‘एबीसी’चा, म्हणजे मीटर स्वतःच आपली पट्टी जुळवून घेतं त्या सोयीचा, भाग तरी वाचा.

आधी जागा समजून घ्या. बुरुजातून सत्तावीस पायऱ्या खाली उतरायचं, पुढे तीसेक मीटर बोळ. रुंदी दोन मीटर, उंची कुठे अडीच मीटर, तर कुठे कपाळमोक्ष होईल इतकी. शेवटी भिंत. गावात सांगतात की हे भुयार थेट देवगिरीला निघतं. मराठवाड्यातलं झाडून प्रत्येक भुयार देवगिरीलाच निघतं, तेव्हा त्यावर मी वाद घातला नाही. हवेच्या हिशोबाने मात्र तोंड एकच, तेही वर, आणि शेवट बंद. तिन्ही गोष्टी वाईट.

मीटर डिसेंबरात बसवलं. बोळाच्या टोकाला, जमिनीपासून सव्वा मीटरवर, भिंतीला भोक न पाडता लोखंडी स्टँडवर. १,५०० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे १,५०० भाग) पिवळा दिवा आणि २,००० ला भोंगा. डिसेंबर-जानेवारीत सगळं गोड चाललं. फेब्रुवारी अखेरीस पहिला फोन आला, रविवारी भोंगा वाजला. मग दर रविवारी वाजायला लागला. मी गेलो, मीटर पुसलं, सेटिंग बघितलं, गर्दी कमी सोडा म्हणालो, परत आलो. मार्चमध्ये तेच, एप्रिलमध्ये तेच. कमिटीचे अध्यक्ष एकदा वैतागून म्हणाले, “इंजिनियर साहेब, भोंग्याची वायर काढून टाकू का? लोक घाबरून तिकिटाचे पैसे परत मागायलेत.” मी नको म्हणालो. त्या अख्ख्या प्रकरणात मी बरोबर केलेली ती एकमेव गोष्ट.

मग मेमध्ये फोन यायचे बंद झाले.

सुट्ट्यांचा महिना, लग्नसराई, शाळांना सुट्टी, वऱ्हाडाच्या गाड्याच्या गाड्या गढीवर उतरतात, आणि एक तक्रार नाही. मला बरं वाटलं. दुसऱ्याच कामाने त्या बाजूला गेलो होतो म्हणून सहज डोकावलो, तर दारावरचे मामा हसून म्हणाले, “साहेब, तुमचं मशीन आता गुणाचं झालंय बघा. पंधरा दिवसांत एकदा बी वरडलं नाही.”

तेव्हा खरं तर पोटात गोळा यायला हवा होता. आला नाही. पण माझ्या पिशवीत हातातलं छोटं मीटर होतं, आदल्याच दिवशी मोकळ्या हवेत शून्यावर आणलेलं, म्हणजे बाहेरच्या हवेशी जुळवून घेतलेलं. ते घेऊन खाली उतरलो. आत एका कुटुंबाची तीसेक माणसं होती, एक आजोबा भिंतीला टेकून पदराने वारा घालणाऱ्या आजीला “वर चल” म्हणत होते. टोकाला जाऊन दोन्ही मीटर शेजारी-शेजारी धरली. हातातलं म्हणत होतं २,६५०. स्टँडवरचं म्हणत होतं १,९००. म्हणजे भोंग्याच्या जेमतेम शंभर खाली, आणि तेही खोटं.

सगळ्यांना वर काढलं. मग टांगलेलं मीटर सोडवून बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवलं. बाहेर ते ४०० दाखवायला लागलं आणि तिथेच ठप्प. मोकळ्या हवेत आकडा जरा तरी हलतो, ४१८, ४२६, ४२१ असा. हे गोठल्यासारखं ४०० वर बसून राहिलं, कारण त्याच्याखाली जायची त्याला मुभाच नव्हती. ही खूण लक्षात ठेवा: बाहेर नेल्यावर आकडा ४०० वर थिजला, तर मीटर बहुधा खऱ्यापेक्षा कमी वाचतंय.

आता हे कसं झालं ते.

या स्वस्त-मध्यम मीटरांत इन्फ्रारेड किरणांचं सेन्सर असतं. कार्बन डायऑक्साइड एका ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषतो, जितके कमी किरण पलीकडे पोचले तितका वायू जास्त, इतकं साधं. पण आतला दिवा वर्षागणिक मंदावतो, म्हणून आकडा सरकतो. कंपन्यांनी त्यावर एक युक्ती काढली, आपोआप कॅलिब्रेशन. मीटरच्या कागदावर ते एबीसी किंवा एएससी अशा नावाने असतं. मीटर आठवडाभर, मॉडेलप्रमाणे थोडं कमी-जास्त, आपला सगळ्यात खालचा आकडा लक्षात ठेवतं आणि मानतं की ती बाहेरची ताजी हवा होती. मग त्यालाच ४०० धरून सगळी पट्टी सरकवतं. ऑफिसात किंवा वर्गात हे झकास चालतं, कारण रात्री माणसं घरी जातात आणि पहाटेपर्यंत हवा खरोखर बाहेरच्यासारखी होते.

भुयारात पहाट होत नाही. म्हणजे होते, पण हवेला पत्ता नसतो. आमच्या भुयारात मेमध्ये पहाटेही खरा आकडा १,१०० च्या आसपास असायचा, हे मी नंतर हातातलं मीटर रात्रभर ठेवून तपासलं. टांगलेलं मीटर बिचारं दर आठवड्याला बघत होतं की याहून कमी कधीच दिसत नाही, म्हणजे हीच ताजी हवा. थोडं थोडं करत त्याने सातशे-साडेसातशे पीपीएम गिळले. बंद खोलीत वाढलेल्या पोराला कोंदट वासच हवेचा वास वाटावा तसं.

आणि हे नेमकं मेमध्येच का? त्याचं उत्तर मीटरमध्ये नाही, भुयारात आहे. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतात आणि दगडाच्या पोटात वर्षभराची सरासरी, म्हणजे साधारण पंचवीस-सव्वीस अंश. बाहेरची गार, जड हवा पायऱ्यांवरून पाण्यासारखी खाली घरंगळते आणि आतली उबदार हवा छताला धरून वर निघते. भुयार रात्रभर आपोआप धुतलं जातं. उन्हाळ्यात उलट होतं. बाहेर बेचाळीस, आत सव्वीस. गार हवा तळाशी, हलकी गरम हवा वर, आणि कोणीच जागचं हलायला तयार नाही. हौदात साचलेल्या पाण्यासारखी हवा पडून राहते. म्हणजे गर्दी सगळ्यात जास्त आणि हवा सगळ्यात आळशी असा मोसम एकाच वेळी येतो. डिसेंबरात मीटर बसवून “चालतंय” असा शेरा मारणारा माझ्यासारखा माणूस तिथेच फसतो.

जुन्या लोकांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. देवगिरीच्या किल्ल्यात अंधारी म्हणतात तो कातळातला बोळ आहे ना, त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि निखाऱ्यांची सोय होती. शत्रू आत शिरला की धूर कोंडायचा, माणसाला तलवार लावायची गरजच नाही. बोळातली हवा कुठे जाते आणि कुठे अडते याचा हिशोब केल्याशिवाय असलं काम होत नाही. आज तिथे वटवाघळांचा वास नाकात घेत पर्यटक हसत-खिदळत जातात ते वेगळं.

आमच्याकडे आणखी एक घोळ निघाला. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. त्यांचं बघून कमिटीनेही सोमवारी बंद ठेवायचं ठरवलं, हेतू चांगला, भुयाराला विश्रांती. पण बंद म्हणजे काय, तर तोंडावरचं पत्र्याचं दार लावून कुलूप. विश्रांतीच्या दिवशीच हवेची उरलीसुरली वाट बंद. वर आत राहणारी वटवाघळं श्वास घेतात, त्यांची विष्ठा कुजते, त्यातून कार्बन डायऑक्साइडही निघतो आणि अमोनियाही. पत्रा काढून उभ्या गजांची जाळी लावली, तेवढ्यानेच पहाटेचा आकडा कमी झाला. गज आडवे-उभे दाट लावू नका, वटवाघळं अडकतात.

आता गर्दीचा हिशोब, कारण मीटर दुरुस्त केलं की भोंगा परत वाजणार, आणि तेव्हा “मशीनच खराब” म्हणायची पाळी येऊ नये. चालता-बोलता माणूस तासाला सुमारे वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, पायऱ्या चढताना त्याहून बराच जास्त. चाळीस माणसं म्हणजे तासाला आठशे लिटर. आमचा बोळ तीस बाय दोन बाय अडीच, दीडशे घनमीटर. हवा अजिबात बदलली नाही तर तासाला पाच हजार पीपीएमहून जास्त वाढ, पंधरा मिनिटांत तेराशे. वऱ्हाडातले नव्वद जण एकदम खाली उतरले आणि गाइडने राजा-राणीची गोष्ट रंगवून अर्धा तास सांगितली की काय होईल ते तुम्हीच मांडा.

घाबरवायचं नाही म्हणून सांगतो, २,६५० ला कोणी मरत नाही. डोकं जड होतं, जांभया येतात, दम्याच्या माणसाला किंवा त्या आजोबांना त्रास होतो. कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ५,००० पीपीएम धरतात, आणि ती पर्यटकापेक्षा दिवसभर आत उभ्या राहणाऱ्या गाइडला लागू पडते. ४०,००० म्हणजे जिवावर बेतणारी पातळी. मला राग २,६५० चा नाही. राग याचा आहे की सातशे खाणारं मीटर उद्या दोन हजार खाईल आणि तेव्हाही मामा हसून ‘गुणाचं’ म्हणतील.

काय केलं

पहिलं, एबीसी बंद. बहुतेक मीटरांत मेनूमध्ये मिळतं, काहींत बटण दाबून धरावं लागतं, काहींत मिळतच नाही. मिळत नसेल तर ते मीटर भुयारासाठी घेऊच नका, दुकानदार कितीही म्हणो.

दुसरं, महिन्यातून एकदा हाताने कॅलिब्रेशन. मीटर बाहेर मोकळ्यावर न्यायचं, सकाळी, रस्त्यापासून आणि चुलीच्या धुरापासून लांब. वीस मिनिटं चालू ठेवायचं. त्याच्यावर वाकून आकडा बघायचा नाही, आपल्या उच्छ्वासात चाळीस हजार पीपीएम असतात, एक सुस्कारा सगळं बिघडवतो. आकडा स्थिरावला की बटण. आज बाहेरची हवा ४२० च्या थोडी वर आहे, त्यामुळे ४०० ला बांधलं तरी वीस-पंचवीसचा फरक, आपल्या कामाला चालतो.

इथे एक बारकावा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी. हे सेन्सर खरं तर रेणू मोजतं, त्यामुळे उंचीचं सेटिंग शून्यावर राहिलं तर आकडाही साधारण तितका कमी येतो. दोन हजाराला सव्वाशे-दीडशे. मोठी चूक नाही, पण फुकटात टळते.

तिसरं, वारा. तोंडाशी एक्झॉस्ट पंखा लावून उपयोग झाला नाही, तो दाराजवळचीच हवा ओढत बसला. आम्ही लवचीक नळी बोळाच्या टोकापर्यंत नेली आणि बाहेरची हवा तिथे ढकलली, मग शिळी हवा आपोआप दाराकडे निघाली. किती हवा लागेल तेही सोपं आहे. वीस माणसं तासाला चारशे लिटर सोडतात. आकडा बाहेरच्यापेक्षा हजाराने जास्त इतकाच ठेवायचा तर तासाला चारशे घनमीटर ताजी हवा. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या पंख्याचा असतो, तीस मीटर नळीतून तो बराच गळतो, तेव्हा दुप्पट क्षमतेचा घ्या. आणि माणसं वीसच सोडा. मामांना वीस लाकडी बिल्ले दिलेत, आत जाताना घ्यायचा, बाहेर येताना परत करायचा. मीटरपेक्षा बिल्ले जास्त काम करतात असं माझं प्रामाणिक मत झालंय.

चित्रं किंवा जुना गिलावा असलेल्या जागी मात्र यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका. वारा, ओल, माणसांचा श्वास यांचं गणित तिथे फार नाजूक असतं. फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ ला लोकांसाठी उघडली आणि १९६३ ला बंद करावी लागली, कारण पर्यटकांच्या श्वासाने आणि ओलीने चित्रांवर शेवाळ धरलं. संरक्षित स्मारक असेल तर खिळासुद्धा परवानगीशिवाय ठोकायचा नाही.

बाकीच्या तक्रारी

कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा ही वेगळी जात आहे. तिथे निदान नंतर, माणसं आधी बाहेर. हा वायू वास देत नाही, आणि जनरेटर दाराशी लावलेला असेल तर खरोखरच आत शिरतो. बारवेच्या जागी मात्र एक विचित्र प्रकार झाला. रोज वीज आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने भोंगा, जनरेटर नसताना. कोनाड्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवल्या होत्या, पाणी घालायच्या. भारनियमन संपलं की त्या जोरात चार्ज व्हायच्या, हायड्रोजन सोडायच्या, आणि मोनॉक्साइडचं सेन्सर हायड्रोजनलाही फसतं. खोटा गजर म्हणून सोडून दिला असता तर कोंडलेला हायड्रोजन स्वतःच धोका. बॅटऱ्या वर मोकळ्या पडवीत हलवल्या, भोंगा थांबला. वेळ लिहून ठेवली नसती तर हे मला जन्मात सापडलं नसतं. म्हणून गजर कधी वाजला, तेव्हा वीज होती का, आत किती जण होते, एवढ्या तीन गोष्टी वहीत हव्यात.

आर्द्रतेचा आकडा पावसाळ्यात ९९.९ वर अडकणं हे नेहमीचंच. सेन्सरवर दव धरतं. कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा, हेअर ड्रायर मारू नका. डब्याची जाळी खालच्या बाजूला हवी आणि केबलला डब्यात शिरण्याआधी खाली पोट द्यायचं, म्हणजे थेंब तिथून गळतो. तोंडाजवळच्या मीटरचा आकडा दिवसेंदिवस हललाच नाही तर जाळी बघा. एकदा कुंभारीण माशीने सगळी भोकं चिखलाने लिंपून आत अळ्या ठेवल्या होत्या, इतकं सुबक काम की मोडायला जिवावर आलं.

कंदिलाचं एक सांगतो, कारण प्रत्येक गावात कोणीतरी विचारतंच. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही, ही आपली जुनी रीत. वाईट नाही, पण अर्धी आहे. ज्योत ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर येईपर्यंत तगते, नेहमी तो एकवीसच्या आसपास असतो. म्हणजे कंदील जळतोय आणि माणसाला चक्कर येतेय असं होऊ शकतं. मोनॉक्साइड तर कंदिलाला कळतच नाही. आणि डिझेल पंपाचा धूर किंवा गटाराचा वायू असलेल्या ठिकाणी उघडी ज्योत सोडणं म्हणजे आ बैल मुझे मार. ऑक्सिजनचं मीटर १९.५ टक्क्यांना वाजतं, ते वापरा. आत कोणी पडला तर दुसऱ्याने तसंच धावत उतरू नये, विहिरींच्या बातम्यांत दुसरा आणि तिसरा असाच जातो.

वटवाघळं हाकलायला धूर करू नका. विष्ठा झाडायची असेल तर आधी पाणी शिंपडा, एन-९५ मास्क लावा, तिच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मासारखी बुरशी फुफ्फुसात जाऊ शकते.

आता गढीवर मामाच दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मीटर लिंबाखाली ठेवतात आणि बटण दाबण्याआधीचा आकडा वहीत लिहून मला फोटो पाठवतात. या महिन्याचा फोटो आला: ‘बाहेर ५१०’. मी फोन लावायच्या आतच दुसरा फोटो आला, त्याच ओळीपुढे पेन्सिलीने भर घातलेली: ‘बाजूला ट्रॅक्टर चालू होता, बटण दाबलं नाही. उद्या परत बघतो.’